उतरता ओटा

दारव्ह्यात आमचं घर अगदी कोपऱ्यावर. दोन गल्ल्या मिळतात तिथं बैलगाडीचं चाक भिंतीला घासू नये म्हणून आजोबांनी घराचा कोपरा तिरपा छाटला होता आणि खाली हातभर रुंद ओटा बांधला होता. ओटा आमचा, पण बसायचं अख्ख्या मोहल्ल्यानं.

कापसाचे भाव पडले त्या वर्षी तर तिथून कुणी उठेचना. भाव वाढेपर्यंत थांबायचं, आणि थांबायचं तर आमच्याच ओट्यावर! आमच्या घरात पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. आम्ही भावंडं अंग खाजवत त्यावरच झोपायचो. पावसाळ्याआधी खोली रिकामी झाली पाहिजे, एवढं एकच आईचं म्हणणं होतं. बाबा मात्र खिडकीखालच्या गप्पांनी पिसाळलेले.

"चाचा, ओट्याले असा उतार द्या का माणूस बसला तं घसरलाच पाहिजे," त्यांनी गल्लीतल्या गवंडीचाचांना सांगितलं. आता ओट्यावर रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसणारे हेच चाचा, हे बाबांना दिसत नव्हतं की काय कोण जाणे.

"तुमचा ओटा, भाऊ. मले काय!" म्हणत चाचांनी दिवसभर खपून सुरेख उतार काढला. वाळल्यावर स्वतः बसून पाहिलं, घसरले, आणि समाधानानं घरी गेले.

बैठक समोरच्या सायकलवाल्याच्या कोपऱ्यावर हलली. बाबा आठवडाभर खूश. मग एका सकाळी मोहल्ल्यातल्या सगळ्या गाड्या कापूस भरून जिनिंगकडे निघाल्या. तिथं बऱ्या भावानं खरेदी सुरू झाल्याची बातमी कोपऱ्यावर आली होती, फक्त समोरच्या. बाबा गाडी भरून पोहोचले तोवर फाटक बंद. आता पुन्हा कधी, हे समोर जाऊन विचारायला अभिमान आडवा येत होता.

"मंग याच कापसाची गादी करा आन् त्या ओट्यावर निजा," आई म्हणाली.

संध्याकाळी बाबा खाली मान घालून रस्ता ओलांडून गेले. मला त्यांची फार कीव आली.

"चाचा, ओटा होता तसा करून द्या."

चाचांनी उताराखाली पहार घातली, तर अख्खा उतार फरशीसारखा उचलून आला. खाली आजोबांचा ओटा जसाच्या तसा. मध्ये चाचांनी आधीच वाळू अंथरून ठेवली होती.

"हे काहून, चाचा?"

"मले बी तं बसा लागते ना, भाऊ," चाचा वाळू झटकत म्हणाले. "बसा आता. परवा पुन्हा खरेदी हाय."