बोईसरच्या चर्चचा नमुना आणि आमची खुडूक कोंबडी

मे १९६५. रविवार, सकाळी नऊ. स्थळ: बोईसरला मिस्सासाठी, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेसाठी, भाड्याने घेतलेली भाताची वखार. हजर: फादर, मुंबईचे आर्किटेक्ट, बावीस कॅथलिक कुटुंबं, माझे यजमान फ्रान्सिस आणि बांधकाम समितीची चिटणीस म्हणून मी. यादीबाहेरची एक हजर होती. तिचं पुढे येईलच.

तारापूरला अणुवीज प्रकल्प आला तशी मंगळूर, केरळ, वसईकडची कॅथलिक माणसं वाढली आणि वखार पुरेना. चर्च हवं होतं. पण आर्किटेक्टनी आखलेलं चर्च गोल! मनोरा नाही! लोक वेदीभोवती बसणार! "चर्च कसलं, पान्याची टाकी हाय ती!" म्हातारे पास्कूकाका कडाडले. आज त्याचा छोटा नमुना बघून सगळ्यांनी होकार दिला, तरच काम सुरू होणार होतं.

तो नमुना एका पाटावर ठेवून आदल्या दिवशी माझ्या ताब्यात, पाम गावातल्या आमच्या घरी आला. ओटीवर शेजारीच खुडूक कोंबडी दुसऱ्या पाटावर गवतात अकरा अंडी उबवत होती, वर वेताचं डालगं पालथं घातलेलं. मी जुनी चादर मधोमध फाडून दोन्ही झाकली. (नमुन्याला धूळ लागू नये, कोंबडी अंधारात शांत बसते.) वहीत दोन्ही कामांपुढे खुणा केल्या.

सकाळी फ्रान्सिसनी पाट उचलला. "लय जड हाय गं!"

"देवाचं घर आहे, जड असणारच! नीट धरा."

वाटेत कुरकुर ऐकू आली. बैलगाडीच्या चाकाला तेल घालायचं, असं मी वहीत लिहून घेतलं.

वखारीत सगळे जमल्यावर मी ऐटीत चादर ओढली.

डालगं!

आर्किटेक्टचं तोंड उघडलं ते उघडंच. पण बाकीची मंडळी माना डोलवू लागली.

"गोल म्हनले व्हते, गोलच हाय."

"आन हवा बघा कशी येल!"

"बाई, दरवाजा कुठे आहे?" फादर माझ्या कानात.

मी उत्तर देण्याआधीच पास्कूकाकांनी वेदी बघायला डालगं उचललं. कोंबडी किंचाळत थेट आर्किटेक्टच्या डोक्यावर! खाली गवतात गोलाकार अकरा अंडी.

"वा! आतली मानसंपन दावलीत!" काका खूश. "आमी तयार हाय!"

एकमुखाने होकार. आर्किटेक्ट पुढच्या गाडीने मुंबईला.

त्या दिवसाच्या यादीत एकच काम बाकी आहे: नमुना परत करणे. पण डालगं बांधकाम समितीने ठेवून घेतलंय, आणि घरी राहिलेल्या नमुन्याखाली, डालग्याऐवजी, आमची कोंबडी बसलीय.