मिरचीचा मांडव

माझ्या साडूला ज्याने कुणी पहिल्यांदा "तुम्हाला कलेची नजर आहे" असं सांगितलं, तो माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. नंदुरबारजवळ साडूची पथारी आहे, म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं भलंमोठं मैदान. माणसाने त्यात समाधान मानावं की नाही? पण नात्यात कार्य निघालं की हा बोलावण्याआधी हजर आणि सजावट अंगावर घेऊन मोकळा. प्लॅस्टिकच्या फुलांशी त्याचं उभं वैर. परक्याच्या लग्नातही स्टेजवरची माळ नाकाला लावून यजमानांना विचारील, "ह्या फूलले वास येस का?" आमच्या वास्तुशांतीला त्याने उसाची कमान उभारली, पंगत बसेपर्यंत पाहुण्यांनी ती सोलून खाल्ली आणि उरलेला पाला शेजारच्या म्हशीने संपवला. पुतण्याच्या साखरपुड्याला रानातून पळसफुलं आणली, त्यांच्यासोबत मुंगळेही आले, आणि पुतण्या अंगठी घालताना सारखा पाय झटकत होता. काही बोलायला जावं तर म्हणतो, "तू घोर नको करू, मी शे ना." त्याच्या या वाक्याचाच मला घोर लागतो.

म्हणून मुलीच्या रिसेप्शनसाठी मी डेकोरेटरशी आधीच बोलून ठेवलं होतं. व्याही सुरतचे, तोलामोलाची माणसं. त्यांच्यासमोर शोभा होऊ नये एवढीच माझी इच्छा. तर मुलगीच म्हणाली, "सजावट मावसाच करतील. आणि बाबा, निघताना तुम्ही रडायचं नाही. तुम्ही रडलात तर माझा पाय निघणार नाही." तिच्या दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या त्या पथारीवर गेलेल्या. तिच्यापुढे माझं कधी चाललं आहे?

आणि खरं सांगतो, मांडव देखणाच झाला होता. बोंडांसकट कापसाची झाडं, ज्वारीची कणसं, केळीचे खुंट, झेंडू, आणि स्टेजमागे वरपासून खालपर्यंत वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. विहीणबाई कौतुकाने फोटो काढत होत्या. तेवढ्यात उकडतंय म्हणून कुणीतरी स्टेजमागचे मोठे पंखे सुरू केले. आधी नवरदेव शिंकला. मग विहीणबाई. मग पाकिटं घेऊन रांगेत उभी असलेली सगळी मंडळी ठसकू लागली. साडू मधोमध उभा राहून शांतपणे विचारत होता, "काय व्हयनं सर्वासले?" जन्म मिरचीत गेलेला, त्याच्या नाकाडोळ्यांना ती झोंबतच नाही, आणि दुसऱ्यांना झोंबत असेल हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. पंखे बंद करून मी त्याला बाजूला ओढला आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. विहीणबाईंनी मात्र डोळे पुसत पुसत सुरतच्या घरासाठी एक माळ मागून घेतली.

संध्याकाळी पाठवणी झाली. मिरच्यांच्या माळांजवळून गाडीपर्यंत जाताना मुलीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "बाबा, तुम्ही कबूल केलं होतंत."

"अगं, मिरची आहे ती," मी म्हणालो. ती हसली आणि गाडीत बसली.

गाडी वळेपर्यंत आम्ही दोघं साडू फाटकाशी उभे होतो. मी शेजारी पाहिलं तर त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"मिरची," तो म्हणाला.

मी त्याला माझा रुमाल दिला.