मुक्ताबाईंचा सडा आणि आबिदाचा गालिचा

मुक्ताबाईंचा आवाज असा, की खारघरच्या तिसऱ्या मजल्यावर त्या नुसत्या बोलल्या तरी खालून वॉचमन "हां जी?" म्हणायचा. जालन्याकडचं गाव सोडून लेकाकडे येऊन जमाना झाला, पण केर काढायची तऱ्हा गावातलीच.

नात क्रांतीला नोकरी लागली म्हणून शनिवारी घरी बुद्धवंदना झाली. पाहुण्यांना बसायला समोरच्या आबिदानं आपला लाल गालिचा दिला. पाहुणे गेले, चिवडा गालिच्यावर राहिला. आणि रविवारी दुपारी आबिदाच्या लेकीला, बतूलला, बघायला मंडळी येणार! त्याआधी गालिचा लख्ख करून परत द्यायचा होता.

"काठीनं बडविते," मुक्ताबाई म्हणाल्या.

"आजी, धागे निघतील. व्हॅक्युम आहे ना!" क्रांतीनं मशीन ओढत आणलं. "आधी शेंगदाणे हातानं वेच, नाहीतर पाइप तुंबेल. मग सावकाश फिरवायचं, उभं-आडवं. घाई केली की धूळ आतच राहते."

"म्हंजी लेकराला तेल लावल्यावानी?"

"एक्झॅक्टली!"

क्रांती एक्स्टेन्शन बोर्ड आणायला आत गेली. मुक्ताबाईंनी दाणे वेचले. मग झाडण्याआधी त्यांचा हात जन्मभर जे करत आला, तेच त्यानं केलं. तांब्या उचलला आणि गालिच्यावर झकास सडा मारला.

क्रांती प्लग लावणार, तोच पायाला गार लागलं.

"आजीऽऽ! पाणी? मशीनमध्ये गेलं तर करंट बसेल!"

"मंग धुरळा बसायचा कसा?"

"बसवायचा नाहीये, खेचायचाय!"

मुक्ताबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "आता गं माय? आबिदाकडं मानसं यायची."

दोघींनी गालिचा गुंडाळला, लिफ्टमध्ये उभा केला आणि गच्ची गाठली. मे महिन्याचं ऊन तव्यासारखं. मुक्ताबाई पापड उलटावेत तसा गालिचा उलटत राहिल्या. क्रांती दोन्ही बाजूंना तळवा टेकवून बघे. "अजून दमट आहे." पुन्हा ऊन. "हां, आता कोरडा!"

घरी आणून मशीन सुरू केलं. मुक्ताबाईंनी ते इतक्या मायेनं फिरवलं, की विटकरी झालेला रंग पुन्हा लालबुंद दिसू लागला. शेवटी कडेची झालर मशीननं गिळली आणि ते घरघरलं. क्रांती बोटं घालायला वाकली.

"हात घालू नगंस!" मुक्ताबाई गरजल्या. "पिलग काढ आदी!"

प्लग निघाला, झालर सुटली.

आबिदाच्या घरी गालिचा पसरायला आणि मंडळी दारात यायला एकच गाठ पडली.

"चपला भाईर! पाय पुसून!" मुक्ताबाईंचा आवाज घुमला.

नवऱ्या मुलाची फुफी, म्हणजे आत्या, दचकली, मुकाट्यानं पाय पुसून बसली आणि गालिच्यावरून हात फिरवू लागली. "वा, आबिदा! नवीन घेतलास काय?"

आबिदा स्वतःच बघत राहिलेली. कुणी कोपरा उचलून पाहतंय, कुणी वीण मोजतंय. बतूल चहाचा ट्रे घेऊन केव्हाची उभी.

मुक्ताबाईंना राहवेना. "आवं, गालिचा काय बघताय? पोरगी बघा की!"

आधी हसली ती बतूल. ते हसू बघूनच फुफीनं शेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाला कोपरानं ढोसलं.