परण्याला बँजो वाजला नाही, त्याची गोष्ट

गेल्या आठवड्यात पासलीच्या एका लग्नात आमच्या बँजो पार्टीने बँजो वाजवलाच नाही... आणि तरीही हे मी छाती फुगवून लिहितोय.

मी भोंगवलीचा. शाळा दहावीच्या आधीच सुटली. आता भोरच्या एका बँजो पार्टीत वायरी, मिक्सर आणि जनरेटर सांभाळतो. निघताना प्रत्येक पिन पुन्हा पुन्हा तपासतो, म्हणून पोरं मला 'इन्स्पेक्टर' म्हणून चिडवतात. चिडवू देत... पिन सैल असली की मला पुढचं काही सुचत नाही, त्याला मी काय करू?

आम्ही दुपारी पासलीत पोचलो आणि थोड्याच वेळात जोराचं वारं सुटलं. गावाखालच्या वळणावर एक मोठं झाड विजेच्या तारा घेऊनच रस्त्यावर आडवं झालं. लाईटही गेली आणि रस्ताही बंद. आम्हाला मात्र काही फरक पडणार नव्हता, आमचा जनरेटर टेम्पोतच असतो.

लग्न संध्याकाळचं. त्याआधी परण्या, म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात. नवरदेव घोड्यावर बसला, दादांनी बँजो मांडीवर घेतला... दादा म्हणजे आमच्या पार्टीचे मालक. तेवढ्यात एक माणूस अनवाणी पळत आला.

"भाऊ, आईचं मशीन बंद पडाय लागलंय!"

त्याची आई म्हणजे गावातल्या आक्का. फुप्फुसं निकामी होत आलेली, म्हणून घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. लाईट गेल्यापासून मशीन इन्व्हर्टरवर होतं आणि आता इन्व्हर्टर ओरडायला लागला होता. ॲम्ब्युलन्स आलेली, पण झाडाच्या पलीकडे अडकलेली.

"सिलिंडर न्हाई का?" दादांनी विचारलं.

"रिकामा हाय. उद्याच भरून आणणार व्हतो..." एवढं बोलून तो रडायलाच लागला.

दादांनी ड्रायव्हरला टेम्पो वळवायची खूण केली. नवरदेवाचे मामा आडवे आले. "ओ बँजोवाले, सुपारी आमची घेतलीया ना? पावनं उभं हायती हितं, आन् तुमी निघाला कुठं?"

"मामा, परण्या जरा थांबंल. म्हातारीचा श्वास कसा वाट बघंल?"

आक्कांचं घर देवळाच्या मागेच, पण बोळ अरुंद. टेम्पो तोंडाशीच अडला. मी आमच्या सगळ्या वायरी एकाला एक जोडल्या. ढोलवाल्या पोरांनी ती वायर डोक्यावर धरून गोठ्याजवळून आत नेली. प्रत्येक जोडावर मी दातांनी टेप फाडून गुंडाळली.

मामा मागोमाग आलेच. "देऊळ हितं जवळच हाय. मशीनबी चालू द्या आन् गाणीबी वाजवा. आवाज येतोय की तिथवर."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन जोडण्याआधी मी एक साधा बल्ब लावला आणि दादांना नि ढोलवाल्या पोरांना वाजवायला सांगितलं. ढोलाचा प्रत्येक ठोका स्पीकरमधून बाहेर पडला की बल्ब भपकन कमी-जास्त होत होता. असं व्होल्टेज त्या मशीनला दिलं असतं तर ते जळालंच असतं.

"न्हाई दादा. दोनातलं एकच चालंल."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मिक्सर बंद केला. मला वाटलं होतं, निदान क्षणभर तरी विचार करतील... नाही केला. बल्ब स्थिर झाला आणि मी मशीन जोडलं.

आता बँजोला वीज नाही म्हणजे तो मुकाच. दादांनी एका पोराच्या गळ्यातला ताशा काढून स्वतःच्या गळ्यात अडकवला. कीबोर्डवाल्याने झांजा घेतल्या. गाणाऱ्याला माईक नाही, म्हणून तो घोड्याच्या पुढे चालत नुसत्या गळ्याने गायला लागला. मी आक्कांच्या उशाशी बसलो. एक डोळा त्यांच्या बोटाच्या ऑक्सिमीटरवर, एक कान बाहेरच्या जनरेटरकडे.

आकडा हळूहळू वर चढला. पण मला नवीन काळजी... डिझेल. जनरेटरची टाकी तळाला चालली होती. टेम्पोतलं काढावं का, नळी कुठे ठेवली, असं करत मी आत-बाहेर पळत होतो. एवढ्यात बोळातून मामा आले. हातात त्यांच्या ट्रॅक्टरच्या डिझेलचा कॅन.

"बगतोस काय माझ्या तोंडाकडं? वत!"

मी ओततोय तोवर ते शेजारी उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तुझा दादा ताशा लई भारी वाजवतो रं. मग ते बँजोचं खूळ कशाला घेऊन बसलाय?"

इतक्या भीतीतही मला हसू आलं.

गावातल्या पोरांनी झाड तोडलं आणि ॲम्ब्युलन्स वर आली. आक्कांना खाटेवरून बाहेर आणलं, तेव्हा परण्या देवळापाशी पोचत होता. वाट द्यायला सगळे बाजूला झाले, नवरदेव घोड्यावरून खाली उतरला. आमच्या पोरांनी हात थांबवले. दादांची बोटं सोलून निघाली होती.

आक्कांनी मास्क जरासा बाजूला केला. "आरं, थांबला का? नवरा ताटकळलाय की... वाजवा!"

आणि दादांनी पुन्हा काड्या उचलल्या.

आक्का आता घरी आहेत, बऱ्या आहेत. दादांना याबद्दल काही विचारलं की ते विषय बदलतात, म्हणून मीच लिहितोय. दादा, हे वाचून रागावू नका. मी तुमच्या पार्टीत वायरी जोडतो, हे मला सगळ्यांना सांगायचं होतं.