लाटांच्या तलावातला भोंगा

त्या रविवारी आम्ही वॉटर पार्कला निघालो तेव्हा माझ्या पर्समध्ये बदलीचा अर्ज होता. भरलेला, सही केलेला, चार घड्या घातलेला. सोमवारी सकाळी तो मोहाडीच्या पंचायत समितीत देऊन मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. नवऱ्याला तसं स्पष्ट सांगूनही झालं होतं, आणि तो त्यावर एक अक्षर बोलला नव्हता.

माझं माहेर तिरोड्याचं. लग्न होऊन वरठीला आले तेव्हा तिरोडाही भंडारा जिल्ह्यातच होता. मग गोंदिया वेगळा झाला आणि माझं माहेर जागच्या जागी राहून दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईसाठी ही साधी गोष्ट नसते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात बदली झाली तर चार-पाच वर्षांनी फिरून येता येतं. जिल्हाच बदलला की गेली ती गेली. मी नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन भावाजवळ राहणार, नवरा वरठीत एकटा राहणार, असा त्या अर्जाचा अर्थ होता.

भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं. दिवाळीपासून नवऱ्याने माझ्याशी बोलणंच कमी केलं होतं. मी स्वयंपाक करता करता काही विचारलं, की उत्तर नाही. पाठमोरा बसलेला असला तर मान वळवायचीही तसदी नाही. आणि कधी बोललाच तर एवढ्या मोठ्याने, की शेजारी ऐकतील. कामावरून थकून येतो, म्हणून मी दोन महिने सोडून दिलं. मग माझा संताप व्हायला लागला. मी शिक्षिका, माझा आवाज खणखणीत. विहारातल्या कार्यक्रमात मला माईक लागत नाही. चाळीस पोरं माझ्या एका हाकेला गप्प होतात, आणि हा एक माणूस घरात बसून मला भिंतीसारखा ऐकत होता.

त्या गुरुवारी मी शेवटचं बोलले. तो ओट्याकडे पाठ करून चहा पीत होता. मी कणीक मळत होते. म्हटलं, "मी तिरोड्याले बदली मागून राहिली. अर्ज भरला हाये. पोरीले घेऊन भावाजवळ राहीन. तुमाले काही म्हणायचं असन तर म्हणा." त्याने चहा संपवला, कप मोरीत ठेवला, चपला घातल्या आणि सेकंड शिफ्टला निघून गेला. मी कणीक मळतच राहिले. इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या.

वॉटर पार्कचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून मी गेले. ठरवलं होतं त्याच्या मित्राने. दोघं एकाच कारखान्यात, एकाच शिफ्टला. माझा नवरा वर क्रेनवर, मित्र खाली, माल बांधून देणारा. आमची घरंही एका भिंतीची. मित्राची बायको मोहाडीची, अंगाने भरलेली, हसरी, आणि कुठेही निघायचं म्हटलं की आदल्या दिवशीपासून डबे भरणारी. त्यांना दोन मुलगे. आम्ही तिघं, ते चौघं, असे सात जण भाड्याच्या सुमोत बसून सकाळी आठला निघालो. दोघांची सुट्टी एका रविवारी आली, हेच केवढं तरी होतं. सगळे खुशीत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पार्क नागपूरच्या अलीकडे. गेटवर चौकीदाराने डबे पाहिले आणि हात आडवा केला. बाहेरचं खाणं आत चालत नाही. मित्राच्या बायकोने त्याला आधी समजावलं, मग दटावलं. शेवटी ती म्हणाली, "पोटात घालून नेलं तर चालते ना? मंग ठीक हाये." आणि गाड्या उभ्या होत्या तिथल्या कडुलिंबाखाली तिने चादर अंथरली. सकाळी साडेनऊला आम्ही मसालेभात, पोळ्या, आलूची सुकी भाजी आणि कैरीचं लोणचं, असं पूर्ण जेवण केलं. नाश्ता घरून करून निघालो होतो, पण अन्न वाया घालवायचं कसं? पोरं पाण्याकडे बघत घास गिळत होती. मुलांच्या किंकाळ्या भिंतीपलीकडून ऐकू येत होत्या.

आत गेल्यावर बायकांची वेगळीच पंचाईत. साडीवर पाण्यात उतरू देत नव्हते. भाड्याने नायलॉनचे कपडे घ्यावे लागले, गुडघ्यापर्यंतची पँट आणि वर ढगळ टीशर्ट. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून कपडे बदलायच्या खोलीतच पाच मिनिटं हसत बसलो. "शाळेतले पोट्टे पाह्यतीन तर हजेरी देनार नाईत वो बाई," ती म्हणाली. दिवाळीनंतर मी तशी पहिल्यांदाच हसले असेन. पर्स लॉकरमध्ये ठेवली, चावी मनगटाला बांधली. अर्ज आत राहिला.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. पोरं घसरगुंड्यांवर, पुरुष त्यांच्या मागे. नवरा पोहण्यात पटाईत. लहानपणी अड्याळजवळच्या गावात, तलावाच्या पाळीवरून उड्या मारून शिकलेला. तो लेकीला खांद्यावर घेऊन पाण्यात फिरत होता आणि ती त्याच्या तोंडासमोर वाकून काहीतरी सांगत होती. तिच्याशी बरं बोलतो, असं माझ्या मनात आलं. पोरीच्या बोलण्याला उत्तरं देतो, आमचंच तेवढं जड झालं. मला तिचाही राग आला, हे आज लिहिताना लाज वाटते.

मग आम्ही लाटांच्या तलावात गेलो. हा एक मोठा उतरता हौद, एका टोकाला घोट्याएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला गळ्याएवढं. तासातासाने यंत्राने लाटा सोडत. कर्ण्यावर गाणी चालू होती. आम्ही कमरेएवढ्या पाण्यात गप्पा मारत उभे होतो. नवरा जरा पुढे, खोल बाजूकडे तोंड करून. आणि अचानक भोंगा वाजला.

वरठीत राहणाऱ्या माणसाला भोंगा काय असतो, हे सांगावं लागत नाही. शिफ्टचा भोंगा लांब एक. त्यावर आम्ही कुकर लावतो, पोरं उठवतो. आणि तुटक-तुटक वाजला तर तो धोक्याचा. त्याची कवायत होते. हातातलं काम टाकायचं, बाहेर ठरलेल्या जागी उभं राहायचं, आणि माणसं मोजायची. पुरुषांनी ती सवय घरीही आणलेली. जत्रेत, लग्नात, गर्दीत कुठेही, "मोजा" म्हटलं की पोरंसुद्धा ओळीत उभी राहत.

पार्कातला भोंगा तुटक-तुटक वाजला. तो म्हणजे आता लाटा येणार, या, अशी हाक होती. काठावरची शे-दीडशे माणसं आनंदाने ओरडत पाण्यात धावली. आणि आम्ही वरठीकर त्याच क्षणी उलटे फिरून, पोरांचे दंड धरून, गर्दीला धक्के देत बाहेर पळालो. काठावर भिंतीला टेकून ओळीत उभे राहिलो. मित्र बोट दाखवून मोजायला लागला. लोक आमच्याकडे बघून हसत होते. सगळ्यांत आधी मित्राच्या बायकोच्या लक्षात आलं, "अवो, हा आपला भोंगा नोहे!" आणि मग आम्हीही पोट धरून हसलो.

फक्त मित्र हसला नाही. तो म्हणाला, "सहा."

नवरा पाण्यातच होता, जिथे उभा होता तिथेच, आमच्याकडे पाठ करून. भोंगा वाजून गेला होता, माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी ओरडत पुढे गेली होती, आणि तो इकडेतिकडे बघत होता, ही गर्दी कुठून आली म्हणून. मी हाक मारली. वर्गात मारते तशी, सगळा जोर लावून. चार अनोळखी माणसांनी मागे वळून पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

मित्र पाण्यात शिरला. त्याने हाक मारली नाही, मागून खांद्यावर थापही मारली नाही. लांबून वळसा घालून तो नवऱ्याच्या पुढे गेला, चांगला सहा हातांवर उभा राहिला, उजवा हात उंच केला आणि तळवा स्वतःकडे करून दोनदा ओढला. क्रेन इकडे घे म्हणताना खालचा माणूस करतो तसा. नवऱ्याने लगेच मान हलवली आणि निमूटपणे त्याच्या मागे आला. त्या दोघांची ती किती सवयीची गोष्ट होती, हे मला तिथूनच कळलं. पहिली लाट त्यांच्या पाठीवर आदळली तेव्हा मी घोट्याएवढ्या पाण्यात पुढे आले होते.

काठावर आल्यावर नवऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यालाही कळलं, की मला कळलं.

पोरांना मित्राच्या बायकोने आइस्क्रीमकडे नेलं. आम्ही तिघं सिमेंटच्या बाकावर बसलो. आधी मित्रच बोलला. "वयनी, डावा कान तं त्याचा लहानपनीच गेला होता, तलावात उड्या मारू मारू वाहत होता. आता उजवा बी चालला. मीच हातानं इशारे करतो. सांग म्हून म्हटलं, पन पुढच्या महिन्यात कारखान्याची मेडिकल तपासनी हाये. क्रेनवरून उतरवतीन म्हून भेला."

मी भडकले. "भाऊजी, तुमी त्याच क्रेनखाली उभे राह्यता ना? तुमाले बायको-पोरं नाईत का?" मग मी नवऱ्याकडे वळले. आता त्याच्या समोर, तोंडाकडे तोंड करून. "भिंतीपलीकडच्याले मालूम, अन् मले नाई. काहून?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. गेले कित्येक महिने तो माझ्या ओठांकडे असाच बघत असणार, आणि मी ते माझ्यावर रोखलेले डोळे समजत होते. तो म्हणाला, "तुले सांगितलं असतं तं तू दुसऱ्याच दिवशी, मले क्रेनवरून उतरवा म्हून, अर्ज लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवला असता."

हे खरं होतं. मी तेच केलं असतं. रागात मी अर्जच लिहिते.

पुढचं थोडक्यात सांगते. मेडिकलची वाट न बघता त्याने स्वतः जाऊन सांगितलं. त्याला क्रेनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. वर्षभर तो त्या खुर्चीवर उदास बसायचा. उंचावरून सगळं खाली दिसायची सवय झालेली. पुढे कानाचं मशीन आलं, ते त्याने निम्मा वेळ खिशात ठेवलं. आम्ही घरातल्या खुर्च्या फिरवल्या. ओट्याकडे पाठ करून बसायची खुर्ची राहिली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी सुमोत पोरं पेंगली होती. मित्र ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्याची बायको खिडकीला डोकं टेकून घोरत होती. नवरा माझ्या शेजारी. गाडीचा एवढा खडखडाट की मलाच काही ऐकू येत नव्हतं, त्याला काय येणार? मला मात्र विचारायचं होतं. पर्समध्ये पेन होतं आणि कागद एकच होता. मी तो उलगडला, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, "कधीपासून?" त्याने पेन घेतलं. "दिवाळीच्या आधीपासून." मी लिहिलं, "दुखतं का?" त्याने लिहिलं, "नाही. शिट्टी वाजते सारखी." मग मी लिहिलं, "पोरीला माहीत आहे?" त्याने लिहिलं, "तिने स्वतः ओळखलं. समोर येऊन बोलते." असं करत करत कागदाची ती बाजू भरत आली. सहा-सात महिन्यांत आम्ही एवढं बोललो नव्हतो.

मौद्याचा पूल लागला तेव्हा लिहायला जागा उरली नाही, म्हणून त्याने कागद उलटला. मला आडवं यायला सुचलं नाही. त्याने माझं नाव वाचलं, शाळा वाचली, मागितलेला जिल्हा वाचला, बदलीचं कारण म्हणून मी लिहिलेलं 'कौटुंबिक' वाचलं, आणि खाली सहीजवळची तारीख. सावकाश वाचलं.

"हे तू मले सांगितलं होतं?"

मी मान हलवून हो म्हटलं. "गुरुवारी," मी त्याला दिसेल असं म्हटलं. "तुमी चहा पीत होते."

"मंग मी काय म्हटलं?"

"काहीच नाई."

कागद त्याच्या मांडीवर होता. पूल संपेपर्यंत त्याने त्याच्या परत चार घड्या घातल्या. मग माझ्याकडे वळून तो बोलला, आणि त्याला आपला आवाज किती मोठा निघतो हे कळतच नव्हतं. गाडीच्या खडखडाटाच्या वर, मित्र दचकून मागे वळला, त्याची बायको जागी झाली, लेक डोळे चोळत उठून बसली, एवढ्या मोठ्याने तो म्हणाला,

"नोको जाऊ."