मिनिटभर नाडी

नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत ती रोज माझ्यासमोर बसायची. दोघी नर्सिंगच्याच परीक्षेची तयारी करत होतो. हृदयाच्या गोळ्यांचा धडा आला, की वाचता वाचता ती स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायची.

परीक्षेच्या सकाळी मी केंद्राच्या फाटकापाशीच अडून उभी होते. तिनं न विचारता माझं मनगट धरलं, चांगलं मिनिटभर. मग म्हणाली, "काहून घाबरून राहिली? नाडी जोरात आहे, पण एकसारखी आहे. चल."

आता वॉर्डात हृदयाची गोळी देण्याआधी मी नाडी बघते, तेव्हा तिची गार बोटं आठवतात. त्याही आधी पेशंटला नाव विचारायचं, हा आमचा पहिला नियम. तिला मात्र ते विचारायचं राहूनच गेलं.