एक पिन कमी होती

गावित सर खोटारडे आहेत, असं मी चार वर्षं धरून चालले होते.

आज सकाळी ते पेठला, त्यांच्या गावी कायमचे राहायला गेले. म्हणून आता सगळं सांगून टाकते.

माझा नवरा प्रशांत नाशिकजवळच्या एअर बेसवर विमानांच्या दुरुस्तीला आहे. गावित सर रिटायर होईपर्यंत त्याचे सिनियर होते.

आठवड्यातून एकदा तरी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. वाक्य ठरलेलं.

"वहिनी, प्रशांतला आज उशीर होईल. एक वस्तू सापडत नाहीये."

कसली वस्तू, ते कधी सांगत नसत. प्रशांतला विचारलं तर तोही "कामाचं आहे" म्हणून गप्प.

मी पिंपळगावची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे क्रेट वरवर बघून कुणी घेत नाही. तळाचे घड आधी बघतात.

मी शर्टाचे वास घेतले, मोबाईल तपासला. पत्ते? पार्टी? आणखी कुणी?

काहीच सापडेना. त्याचाच मला जास्त संशय यायचा.

मग एकदा आम्हा बायकांसाठी बेसची टूर ठेवली. नवरे दिवसभर काय करतात ते बघा म्हणून. मी तर झडती घ्यायलाच गेले होते.

विमानं ठेवतात त्या हँगरच्या दारात गावित सर. बांगड्या, कानातले, केसांचे चाप, सगळं ट्रेमध्ये ठेवायला लावलं. साडीच्या पिना राहू दिल्या, पण प्रत्येकीच्या मोजून लिहून घेतल्या.

माझ्या पाच.

"जेवढ्या आत, तेवढ्या बाहेर," ते म्हणाले. "एखादी पिन इंजिनात गेली तर विमान घेऊन गेलेला माणूस परत येत नाय. म्हणून एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत इथून कुणी हलत नाय."

अच्छा, म्हणजे ही ती 'वस्तू'. गोष्ट छान रचलीय, मला वाटलं.

आणि मी नको तो शहाणपणा केला. आत गेल्यावर एक पिन हळूच काढून रुमालात बांधली. बघू, खरंच थांबतात का.

बाहेर पडताना मोजणी झाली. चार.

सरांनी हँगरचं दार लावायला सांगितलं.

दहा-बारा माणसं गुडघ्यांवर बसून टॉर्चने फरशी बघू लागली. प्रशांत विमानाखाली आडवा, घामाघूम. माझ्याकडे त्याने एकदाही रागाने पाहिलं नाही. मला तेच सहन होईना.

ज्यांच्या बायका टूरला आल्या नव्हत्या, त्यांच्या घरी सर फोन लावत होते.

"वहिनी, आज उशीर होईल. एक वस्तू सापडत नाहीये."

माझं नाव एकाही फोनवर घेतलं नाही. या एका वाक्याखाली त्यांनी आजवर कुणाकुणाची चूक पोटात घातली असेल, देव जाणे.

मला स्वतःची लाज वाटली. जवळ जाऊन रुमाल उघडला.

"सर, मी मुद्दाम..."



त्यांनी पिन उचलली. माझ्याकडे पाहिलं. मग हँगरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "सापडली रे. वहिनींच्या निऱ्यांत अडकली होती. उठा, चला घरी."

आणि मला हळूच, "संशय माझ्यावर घ्या, वहिनी. विमानाशी नाय खेळायचं."

प्रशांत, हे तुलाही या पोस्टमधूनच कळतंय. घरी आलास की बोलू.

गावित सर, तुम्ही माझ्याशी कधीच खोटं बोलला नाहीत.

बोललात ते एकदाच, आणि तेही माझ्यासाठी.

भरल्या मनाने निरोप, सर.